आंबलं, नासलं नाही

तलासरी नाक्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. हायवेच्या बस समोरच थांबतात, त्यामुळे दिवसभर धूळ आणि गिऱ्हाईक दोन्ही येत राहतात. दुपारी मी शटर अर्धं खाली ओढून जेवायला बसते आणि नेमकी तेव्हाच कुणाला तरी ब्लाउजची घाई होते.

ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एक मास्तरीणबाई अशाच शटरखालून वाकून आत आल्या. माझ्यापुढे स्टीलच्या डब्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील होती, शेजारी सुकटीची चटणी. बाईंनी नाक आक्रसलं.

"अगं, काहीतरी आंबलंय का इथं?"

"हो," मी म्हटलं, "माझं जेवण."

बाई ओशाळल्या, मग हसल्या. मीही हसले, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. कारण आदल्याच आठवड्यात ह्याच बाई ह्याच स्टुलावर बसून मला सांगत होत्या की थंडीतसुद्धा त्यांचं इडलीचं पीठ काय सुरेख आंबलं, पातेल्याबाहेर आलं! मी त्यांना विचारलं, "बाई, तुमचं पीठ आंबतं तेव्हा सुरेख, आणि माझी नागली आंबली की वास?" त्या म्हणाल्या, "ते वेगळं गं," आणि बाहीचं माप द्यायला हात पुढे केला. वेगळं कसं ते काही सांगितलं नाही. ब्लाउज मात्र मी नीटच शिवला. राग कापडावर काढायचा नसतो.

आमच्या पाड्यावर 'आंबणं' हा शब्द वाईट नाही, हे मला तलासरीत राहायला आल्यावर कळलं. म्हणजे तो वाईट असू शकतो हे इथं आल्यावर कळलं. शेतात भाताची आवणी करून आई संध्याकाळी चुलीपाशी पाय पसरायची आणि म्हणायची, "अंग आंबलं." त्यात कुरकुर असायची, पण थोडा रुबाबही असायचा. ज्याचं अंग आंबलं त्यानं काम केलेलं असायचं. रात्री पीठ भिजवताना म्हणायची, "सकाळपर्यंत आंबू दे." सकाळी झाकण काढून वास घ्यायची आणि चेहरा खुलला की समजायचं, आंबलं. आणि दूध फाटलं, भाजी बुरसटली, मासळी सुटली की आम्ही म्हणायचो, नासलं. दोन शब्द, दोन गोष्टी. नासायला कुणी लागत नाही. टाकून द्या, नासतंच. आंबायला मात्र माणूस लागतो, त्यानं ऊब बघायची, वेळ बघायची, झाकण बघायचं. बाजारात येईपर्यंत हे दोन शब्द एकाच पिशवीत कोंबले जातात आणि मग आमच्यासारख्यांना नाक दाबून बघितलं जातं. शिष्ट मराठीत तर आनंदावरही 'विरजण पडतं' म्हणतात. विरजण पडल्यावर दही लागतं, बाबांनो. त्यात रडण्यासारखं काय आहे?

असो. माझी जीभ तिखट आहे असं माझा नवरा म्हणतो. तो टेम्पो चालवतो, त्याला गप्प बसायची सवय आहे.

आंबील करायला फार काही लागत नाही. नागलीचं पीठ पाण्यात कालवून मडक्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं, मीठ घालायचं, झालं. उन्हाळ्यात पीठ आपोआप आंबतं. हिवाळ्यात मात्र नव्या मडक्यात ते तसंच गोडं राहतं, सकाळी बघावं तर नुसतं पिठाचं पाणी. म्हणून मडकं कधी पूर्ण रिकामं करायचं नाही. तळाला थोडं मागचं राखायचं, त्याला आमच्याकडे नुसतं 'आंबट' म्हणतात. मडकं घासायचं नाही, राख लावायची नाही, फक्त काठ पाण्यानं पुसायचा. मातीत ते आंबट मुरलेलं असतं.

आईचं आंबट तिच्या सासूकडून आलेलं. माझे वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली, शेत वाटलं, आणि त्या मडक्यातलं आंबट दोन मडक्यांत निम्मं निम्मं ओतलं. एक आईकडे, एक काकीकडे. पुढे दोघींचं बिनसलं ते बांधावरच्या ताडावरून. ताड नेमका कुणाच्या हद्दीत, ताडी कुणी उतरवायची, यावरून एकदा तोंडाला तोंड लागलं आणि दोघी जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. नंतर एका वादळात ताड पडला. अबोला मात्र उभाच राहिला. माझे वडील गेले, काका गेले, तरी विहिरीवर दोघी एकमेकींकडे पाठ करून पाणी काढायच्या.

मास्तरीणबाईंनी नाक आक्रसलं त्याच हिवाळ्यात एका संस्थेची ताई आमच्या पाड्यावर आली. बायांचा बचत गट होताच. डहाणूजवळ नरपडच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी खाद्यपदार्थांचे स्टॉल लागणार होते, त्यात एक आमच्या गटाला मिळत होता. ताई मनानं चांगली होती. उन्हातान्हात चालत यायची, आईच्या हातची आंबील प्यायची, मिटक्या मारायची. गटातल्या बायांनी एकमतानं ठरवलं की आंबील आईनंच करायची. आई लाजली, पण मी तिला ओळखते, तिला आतून उकळ्या फुटत होत्या. जन्मभर तिनं जे घरच्यांसाठी आणि मजुरीच्या दिवशी बांधावर नेण्यासाठी केलं, ते आता अनोळखी माणसं मागून पिणार होती.

मी दुकानात बसून पाटी शिवली. पांढरं मांजरपाट घेतलं, त्यावर लाल कापडाची अक्षरं कापून काठानं टाके घातले. 'आंबील'. तीन अक्षरं, एकेक वीतभर. खाली लहान अक्षरांत 'नागलीची, रात्रभर आंबवलेली'. ब्लाउजची कामं बाजूला पडली आणि दोन-तीन गिऱ्हाइकं रागावून गेली. जाऊ देत, म्हटलं.

पाड्यावर गटाच्या बैठकीत पाटी बघून ताई म्हणाली, "किती सुंदर शिवलीये! पण 'आंबवलेली' नको लिहूया का? लोकांना वाटतं काहीतरी खराब झालंय. मी फ्लेक्स करून आणते, 'नागली हेल्थ ड्रिंक'. पर्यटक लगेच थांबतात."

"आंबीलही नको?" मी विचारलं.

"आंबील नाव ओळखीचं नाही ना सगळ्यांना."

"ओळख करून दिल्याशिवाय कशी होणार?"

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. ताई जाताना सगळ्यांना हात जोडून म्हणाली, "आणि एक, भांडी तेवढी अगदी स्वच्छ ठेवा हं. लोक फोटो काढतात." तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. पण आईनं ते 'स्वच्छ' कसं ऐकलं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

स्टॉलच्या आदल्या दिवशी मी दुपारीच पाड्यावर गेले. अंगणात उन्हात एक मडकं पालथं घातलेलं होतं, नव्यासारखं. मी आधी ओळखलंच नाही. आई ओट्यावर बसली होती, हात कोपरापर्यंत लाल.

"आई, हे..."

"घासलं," ती म्हणाली. "राखेनं घासलं, मग साबणानं घासलं. मग उकळतं पाणी ओतलं. आता वास येत नाय."

तळातलं आंबटही तिनं ओतून दिलं होतं, केळीच्या बुंध्याशी. जिनं मला मडक्यात बोट बुडवलं म्हणून लहानपणी पाठीत धपाटा घातला होता, तिनं स्वतःच्या हातानं ते धुऊन काढलं होतं. मूर्ख म्हणून नाही. लाजेनं. कुणी तरी फोटो काढील, कुणी नाक धरील, कुणी म्हणेल ह्यांच्यात घाणच असते, म्हणून. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. आईवर नव्हे. त्या शटरखालून आत आलेल्या नाकावर, आणि तसल्या सगळ्या नाकांवर.

"आता काय करायचं?" मी म्हटलं. "थंडी आहे. सकाळपर्यंत पीठ गोडंच राहील."

आईला ते माहीत होतं. घासताना तिला ते आठवलं नव्हतं, आणि आठवलं तेव्हा उशीर झाला होता. ती खाली मान घालून म्हणाली, "नाय जायाचं मग. ताईला सांग, आई आजारी हाय."

"जायचं," मी म्हटलं. "काकीकडे आहे."

आईनं मान वर केली. "मी तिच्या दारात जानार नाय. मेले तरी नाय."

"तू नको जाऊस. मी जाते."

आमच्या पाड्याचा एक रिवाज आहे. आंबट मागायला कुणी दारात आलं तर नाही म्हणायचं नाही, भांडण असलं तरी. मागणाऱ्यानं तोंडानं मागायचंही नसतं, रिकामं भांडं पुढे करायचं, देणाऱ्यानं मुकाट ओतायचं. भांडं परत करायची वेळ आली की मात्र रिकामं करायचं नाही, काहीतरी घालूनच द्यायचं. हा रिवाज कुणी कधी काढला ठाऊक नाही, पण ज्यानं काढला त्याला जावांची भांडणं चांगली ठाऊक असणार.

काकी अंगणात कोंबड्यांना कणी टाकत होती. माझ्या हातातली वाटी बघितली, मग पलीकडे आमच्या अंगणात उन्हात पालथं घातलेलं मडकं बघितलं. तिला सगळं कळलं. ती आत गेली, स्वतःचीच मोठी वाटी भरून घेऊन आली, वर पानाचं झाकण ठेवलं आणि माझी रिकामी वाटी माझ्याच काखेत खोचली.

"तुझ्या आईला सांग..." ती म्हणाली आणि थांबली. "नको. कायच नको सांगू."

त्या रात्री आईनं पीठ कालवून त्यात काकीचं आंबट घातलं, मडकं चुलीच्या उबेला ठेवलं आणि वर माझी जुनी ओढणी गुंडाळली. मी तिथंच झोपले. पहाटे आईनं झाकण काढलं. वास घेतला. लगेच चुलीत लाकूड सारलं. आंबलं होतं.

शिजवलेली आंबील मडक्यात भरली, टेम्पोत पेंढा घालून ते बसवलं आणि मी दोन्ही हातांनी धरून बसले. डहाणू ओलांडून नरपडला पोचेपर्यंत हात सुन्न झाले. सुरूच्या झाडांखाली स्टॉल लागले होते. चिकूच्या चिप्स, चिकूचं लोणचं, तळलेले बोंबील, गुजरातहून आलेल्यांसाठी ढोकळा. ढोकळ्याचं पीठही आंबवलेलंच असतं, पण त्याला कुणी नाक मुरडत नव्हतं. आमच्या टेबलावर फ्लेक्स लागलेला होता, 'नागली हेल्थ ड्रिंक', मागे हिरवी शेतं आणि हसणारी बाई, जी आमच्यापैकी कुणीच नव्हती. माझी कापडाची पाटी पिशवीतच राहिली.

समोरच्या भिंतीवर वाढवणच्या बंदराविरुद्ध मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. आमच्या शेजारच्या स्टॉलवर वाढवणकडची एक मासळीवाली बाई होती. तिच्या सुक्या मासळीचा वास सगळ्या रांगेत दरवळत होता आणि कुणी तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, "वास येतो? मग तिकडं फुलांचं दुकान बघा." मला ती बाई फार आवडली.

माझी आई मात्र मडक्याच्या मागे उभी राहिली, मडक्यावर पदर टाकून. तिथं बसलेल्या गटातल्या बाया ग्लास भरायच्या आणि ती नुसती ढवळायची. सुरतेकडचं एक कुटुंब आलं. त्यातल्या माणसानं विचारलं, "बेन, आ छास छे?"

आई म्हणाली, "हा. छास."

मी तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या एका मुंबईच्या बाईनं विचारलं, "आंबट का लागतंय?" आई म्हणाली, "ताक हाय ना." तिसऱ्यालाही ताकच सांगितलं. प्रत्येक वेळी ती थोडी थोडी लहान होत होती. लोक पीत होते, कुणी छान म्हणत होते, आणि मला वाटत होतं की मडकं उचलून समुद्रात टाकावं. विकलं गेलं, पण आमचं काहीच विकलं गेलं नाही. ताक विकायला आम्ही पेंढ्यात मडकं बांधून आलो नव्हतो. पण आईला गर्दीत काही म्हणायची मला हिंमत होईना. जीभ तिखट असून काय उपयोग, ती आपल्या माणसापुढे चालत नाही.

दुपार कलली तेव्हा रांगेच्या टोकाला काकी दिसली. पाड्यावरून जीप बदलत एकटी आली होती, धुतलेली साडी, हातात काही नाही. काकी सरळ आमच्या टेबलापाशी आली आणि तिनं हात पुढे केला. मी ग्लास दिला. तिनं वास घेतला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, जसा पोटच्या पोराचा चेहरा बघावा तसा.

तेवढ्यात सकाळचं सुरतेचं कुटुंब परत आलं. त्यातली बाई आईला म्हणाली, "मासी, एक छास आपो."

काकीनं ग्लास टेबलावर आपटला.

"छास?" ती म्हणाली. "कोनी सांगितलं छास?"

ती बाई गोंधळून आईकडे बघू लागली. काकीनंही आईकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी सरळ डोळ्यांत.

"बाय, माझ्या मडक्यातलं आंबट नेलंस आनि ताक म्हनून विकतेस? सासूनं ताक दिलं होतं आपल्याला?"

आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. रांगेतले लोक बघू लागले. ताई पलीकडून धावत येत होती. मला वाटलं आता आई रडणार.

"तुझं मडकं?" आई ओरडली. "तुझं एकटीचं? निम्मं माझं होतं! आनि ताक नाय ती. आंबील हाय! आंबीलच हाय!"

"मग तसं सांग ना तिला," काकी म्हणाली. "मला काय ओरडतेस?"

आईनं मडक्यावरचा पदर ओढून घेतला, कमरेला खोचला आणि त्या सुरतेच्या बाईकडे वळली.

"छास नाय, बेन. आंबील. नागलीची. रातभर आंबवलेली. सकाळी मी खोटं बोलले."

बाईनं ग्लासात बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि हळूच ग्लास टेबलावर ठेवून दिला. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला ते दिसलं आणि आईलाही दिसलं. आईनं तो ग्लास उचलला, तिच्यासमोरच पिऊन टाकला, आणि हाताच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं.

"नासली असती," ती म्हणाली, "तर मी पिली नसती."

मग माझ्याकडे न बघता हात मागे केला. "तुझं ते कापड काढ."

मी पिशवीतून पाटी काढली. ताई पोचली होती, धापा टाकत. "मावशी, पण फ्लेक्स..."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "खाली अंथरायला होईल, वाळू लय हाय."

पण, हे मी ताईच्या बाजूनं सांगते, स्टूल तिनंच धरलं. मी वर चढून पाटी बांधली. लाल अक्षरं खाऱ्या वाऱ्यात फडफडायला लागली. लोक वाचायचे, काही पुढे जायचे, काही थांबून विचारायचे, आंबील म्हणजे काय? शेजारची मासळीवाली बाई ग्लास घेऊन गेली आणि तिनं आपल्या गिऱ्हाइकांनाही पाजली. सगळ्यांना आवडली असं नाही. एका पोरानं थुंकली. आई त्याला म्हणाली, "दुसऱ्यांदा आवडंल," आणि पुढच्याला ग्लास दिला.

काकी गेली नाही. टेबलाच्या मागे येऊन उभी राहिली आणि दुसरा घोट घेऊन म्हणाली, "मीठ कमी हाय."

"घाल मग," आई म्हणाली. "हात हायेत ना?"

काकीनं मीठ घातलं आणि आईच्या हातातून डाव घेऊन ढवळायला लागली. आई मोकळी झाली तशी टेबलाच्या पुढे गेली, वाळूवर, लोकांमध्ये. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण तिनं एकदा वर पाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "आंबील." आवाज शेजारच्या स्टॉलपर्यंतही गेला नाही.

"मोठ्यानं बोल," काकी मागून म्हणाली. "वाढवनपर्यंत जाऊ दे."

आईनं छाती भरून श्वास घेतला.

"आंबील! आंबलेली आंबील!"